ठाणे खाडीतील शैवालांच्या उद्रेकाचे साधे मॉडेल कसे मांडावे

खाडीचे पाणी हिरवट, तपकिरी किंवा लालसर दिसू लागले की सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते, आणि त्यात काही चूक नाही, कारण नायट्रोजन व फॉस्फरस यांच्याशिवाय शैवाल फोफावत नाही. परंतु दोन्ही काठांवर एवढी दाट वस्ती असलेल्या ठाणे खाडीत ही पोषणद्रव्ये सहसा गरजेपेक्षा जास्तच असतात, आणि उद्रेक मात्र रोज होत नाही. म्हणून येथील मॉडेल पोषणद्रव्यांपासून सुरू करू नये. पाणी खाडीत किती दिवस थांबते आणि त्यात उजेड किती खोल पोहोचतो, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. त्यासाठी एक स्प्रेडशीट पुरते.

खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदराकडे मोकळी होते, तर उत्तरेला उल्हास नदीशी केवळ अरुंद वाटेने जोडलेली आहे. त्यामुळे ठाण्याच्या बाजूचे पाणी वाशीच्या बाजूपेक्षा सावकाश बदलते, आणि मॉडेलमध्ये या दोन भागांचे निदान दोन वेगळे कप्पे करणे इष्ट ठरते. प्रत्येक कप्प्यासाठी भरतीच्या वेळचे एकूण पाणी आणि एका भरतीत आत येणारे पाणी यांचे गुणोत्तर काढावे, त्याला 12.42 तासांनी गुणावे, आणि आत येणाऱ्या पाण्यापैकी खरोखर नवे पाणी किती, त्या अंशाने भागावे. ओहोटीला बाहेर गेलेले बरेचसे पाणी पुढच्या भरतीला परत येते, हे विसरल्यास उत्तर फसवे येते. समजा, उधाणाच्या दिवसांत गुणोत्तर 3 आहे आणि नवे पाणी 30 टक्के आहे. तर मुक्काम सुमारे 5.2 दिवसांचा होतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, भरती कमी चढते. गुणोत्तर 5 झाले तर तोच मुक्काम 8.6 दिवसांवर जातो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या कप्प्याचे आकडे खोलीच्या नकाशावरून आणि भरतीच्या तक्त्यावरून काढावेत. कोळीवाड्यांत तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगतात. नमुना घ्यायला केव्हा निघावे हे ठरवण्यापुरता तो हिशेब आजही चोख आहे.

आता उजेड. वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांत रंगवलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली मीटरमध्ये लिहावी. गढूळ पाण्यासाठी 1.4 या संख्येला त्या खोलीने भागले की उजेड विझण्याचा दर ढोबळमानाने मिळतो. तबकडी 40 सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर हा दर 3.5 येतो, आणि 5 मीटर खोल पाण्याच्या स्तंभात सरासरी उजेड पृष्ठभागाच्या जेमतेम 6 टक्के उरतो. तीच तबकडी 1.2 मीटरपर्यंत दिसली तर सरासरी 17 टक्क्यांवर जाते. उधाणाचा जोरदार प्रवाह तळाचा चिखल ढवळतो, भांगाला तो बसतो. म्हणजे ज्या दिवसांत पाणी जास्त थांबते, त्याच दिवसांत ते निवळतेही. माझ्या मते खाडीतील उद्रेकाचे मर्म या योगायोगात आहे, आणि आठवड्यातून एकदाच नमुना घेणाऱ्याच्या हातून ते सहज निसटते.

वाढीचा दर तीन घटकांच्या गुणाकाराने मांडावा. तापमानानुसार कमाल दर किती असू शकतो याची वरची मर्यादा शास्त्रज्ञ एप्ली यांनी 1972 मध्ये दिली. 28 अंशांना ती दिवसाला सुमारे 3.5 येते, परंतु प्रत्यक्षातील मिश्र समूहासाठी 1.5 पासून सुरुवात करणे बरे. पोषणद्रव्यांचा घटक म्हणजे नायट्रोजनची तीव्रता भागिले तीच तीव्रता अधिक अर्धसंपृक्ती स्थिरांक, म्हणजे ज्या तीव्रतेला वाढ कमाल दराच्या निम्मी होते ती तीव्रता. लिटरला 30 मायक्रोमोल नायट्रोजन असेल आणि स्थिरांक 1 धरला तर हा घटक 0.97 येतो, म्हणजे जवळजवळ एक. त्याची फारशी अडचण नाही. उजेडाचा घटक याच धर्तीवर मांडावा. पृष्ठभागावर प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाची दिवसरात्रीची सरासरी 90 वॅट प्रति चौरस मीटर आणि स्थिरांक 20 धरला, तर गढूळ पाण्यात वाढ दिवसाला 0.30 होते आणि निवळ पाण्यात 0.63. त्यातून मुक्कामाचा व्यस्त आणि चराई (सूक्ष्म प्राण्यांनी शैवाल खाणे) व मृत्यू मिळून 0.2 वजा करावेत. उधाणाला उत्तर उणे 0.1 येते आणि शैवाल घटते. भांगाला ते अधिक 0.32 येते, म्हणजे सव्वादोन दिवसांत दुप्पट. सांडपाणी मात्र दोन्ही वेळा तेवढेच धरले होते.

स्थिरांक ठाकठीक करण्यासाठी पाण्यातील हरितद्रव्याची मोजमापे लागतात, कारण त्यावरून शैवाल किती हे कळते. अर्ध्या मोजमापांवर मॉडेल जुळवावे आणि उरलेल्या अर्ध्यांवर पारखावे. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रांचा आधार घ्यायचा असल्यास निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे गुणोत्तर येथे वापरू नये, चिखलाने ते बिघडते. 665 आणि 705 नॅनोमीटरचे पट्टे वापरावेत. पावसाळ्यात ढगांमुळे हा मार्ग बहुतेक बंदच असतो.

येथवरचे मॉडेल शैवाल किती हे सांगते; ते घातक आहे की नाही, हे नाही. खाडीतील रोहित पक्षी सूक्ष्म शैवालांवरही पोसले जातात, तेव्हा वाढ दिसली की अपाय झालाच असे नव्हे. डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले, नायट्रोजन आणि सिलिकॉन जवळपास सारख्या प्रमाणात घेतात. पावसाळी नद्या सिलिकेट आणतात, सांडपाण्यातून मात्र तुलनेने नायट्रोजन व फॉस्फरसच अधिक येतात. म्हणून सिलिकेट नायट्रोजनच्या मानाने घटू लागले की डायनोफ्लॅजेलेटांना, म्हणजे चाबकासारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवांना, संधी मिळते, आणि मॉडेलमध्ये त्यांचा स्वतंत्र रकाना करावा लागतो. रात्री निळसर चमकणारा नॉक्टिल्युका याच गटातला. तो विष बनवत नाही, पण अमोनिया साठवतो आणि मेल्यावर कुजताना प्राणवायू खातो. त्याची पेशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने साध्या भिंगाखालीही ओळखू येते.

प्राणवायूचे मोजमाप सूर्योदयापूर्वी करावे, कारण रात्रभरच्या श्वसनाने तो तेव्हा सर्वांत कमी असतो; लिटरला 2 मिलिग्रॅमखाली गेल्यास मासे गुदमरू लागतात. मॉडेल वाढ दाखवत असताना नमुन्यात विषारी जात आढळली, तर तिसऱ्या आणि कालवे यांच्या मांसाची प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत ती खाऊ नयेत. लकवा आणणारे सॅक्सिटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही.