चैत्यगृहाचा काळ कसा ओळखायचा

चैत्यगृह म्हणजे बौद्ध लेण्यातलं प्रार्थनागृह, ज्याच्या टोकाला स्तूप, म्हणजे पूजेचा घुमटाकार दगडी उंचवटा असतो. अशा लेण्यात शिरलं की नजर आधी मूर्तींकडे जाते आणि काळाचा अंदाज तिथेच चुकतो. मूर्ती पुढे कधीही कोरता येते. खांब आणि छत मात्र डोंगर पोखरतानाच ठरतात. म्हणून आधी बांधणी वाचा, मूर्ती शेवटी.

सरावाला भाजे आणि कार्ले ही जोडी उत्तम. लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. दोन्ही एका दिवसात होतात. जुनं भाजे आधी करा. कार्ल्याला दुपारनंतर जा, कारण त्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि उन्हं तेव्हाच आत येतात.

भाज्याचं चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. खांब 27, साधे अष्टकोनी, ना खाली तळखडा ना वर शीर्ष. मधोमध उभं राहून एका रांगेकडे बघा: खांब आत कललेले दिसतील. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे कलते ठेवत. दगडाला त्याची गरज नव्हती, पण कारागिरांचा हात लाकडावर बसलेला होता. दर्शनी भागही लाकडाचा होता. तो गेला, त्याच्या खाचा दगडात राहिल्या. कलते, साधे खांब दिसले की लेणं जुन्या टप्प्यातलं समजा.

कार्ले साधारण इ.स. पहिल्या शतकातलं, सुमारे 38 मीटर लांब. दोन्ही बाजूंचे 15-15 खांब सरळ उभे: खाली कुंभ, वर घंटेसारखं शीर्ष, त्यावर प्राण्यांवर बसलेल्या जोड्या. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी. तेवढेच पाहिले तर लेणं फार जुनं वाटेल, म्हणून पूर्ण फेरी मारा. मान वर करा: छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री मूळचीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं सुतारकाम इतक्या जवळून क्वचितच बघायला मिळतं.

आता फसवी जागा. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दाम्पत्यांच्या शिल्पांजवळ बुद्धमूर्ती आहेत. त्यांवरून लेण्याचा काळ ठरवला तर अंदाज काही शतकांनी चुकेल. मूर्तींच्या कडा नीट तपासा: वेदिकेची, म्हणजे कठड्यासारखी आडवी नक्षी मध्येच तुटलेली दिसते, म्हणजे ती छाटून मूर्ती नंतर बसवली. कोणी कोणाला छाटलंय, हाच इथला सगळ्यात भरवशाचा पुरावा.

खांबांवरच्या ब्राह्मी लेखांसाठी टॉर्च समोरून मारू नका, अक्षरं सपाट दिसतात. भिंतीलगत आडवा धरला की खाचेत सावली पडते. खडू किंवा पाणी लावू नका. दगडाचं नुकसान होतं.

शेवटी स्तूप. भाजे, कार्ले आणि अजिंठ्याच्या 9 व 10 क्रमांकांच्या लेण्यांत तो मूर्तीविना आहे, ही जुन्या टप्प्याची खूण. अजिंठ्याच्या 19 आणि 26 मध्ये बुद्ध स्तूपातच कोरलेला आहे, म्हणजे मूळ आराखड्यातलाच, आणि ही लेणी नंतरच्या टप्प्यातली. वेरूळच्या 10 क्रमांकात तर पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध पुढे आणि स्तूप त्याच्या पाठीशी.