नागपूर अधिवेशनाआधी विधिमंडळ सचिवांनी काय काय आटपून ठेवायचं

नागपूरचं हिवाळी अधिवेशन पहिल्यांदाच अंगावर येणार असेल तर आधी कॅलेंडर काढा, बाकी सगळं नंतर. घटनेच्या कलम १७४ प्रमाणे मागच्या अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यात सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप पडता कामा नये, ते एकदा स्वतः मोजून घ्या. कामकाज किती दिवस चालवायचं यावर कामकाज सल्लागार समितीत वाजणार हे धरूनच चाला, विरोधी पक्षाला कायम आठवडा वाढवून हवा असतो. आपण त्यात बोलायचं नाही, दोन-तीन तारखांचे पर्याय तयार ठेवायचे आणि गप्प बसायचं. राज्यपालांचा आदेश निघाला की सदस्यांना समन्स जातात, विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, पण हे आकडे कागदावरचे, मधल्या काळात कोणी राजीनामा दिलाय, कोणी वारलंय, पोटनिवडणुकीतून कोण आलंय हे बघून यादी ताजी करा. याच यादीला जोडून शोकप्रस्तावांची फाइल. माजी सदस्य गेलेले असतात, ते कुठल्या मतदारसंघातून कितव्यांदा आले होते, कुठल्या समितीवर होते, सगळं जुन्या रेकॉर्डवरून ताडून घ्या, इंटरनेटवरून उचलू नका, कारण ते वाचलं जातं तेव्हा त्यांच्या घरचे ऐकत असतात.

आता खरं डोकं खाणारं काम म्हणजे प्रश्न शाखा. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, सूचना ढिगाने येतात, त्यातल्या कितीतरी एकाच विषयावर, मग त्या एकत्र करायच्या, नियमात बसत नाहीत त्या अध्यक्षांपुढे ठेवून नाकारायच्या, बाकीच्या विभागांना पाठवायच्या आणि मग उत्तरांसाठी मंत्रालयाच्या मागे लागायचं. फोन करून भागत नाही, विभागाच्या सचिवांच्या नावाने लेखी स्मरणपत्र जाऊ द्या, कारण सभागृहात उत्तर छापून आलं नाही म्हणून गोंधळ झाला की सगळे पहिल्यांदा तुमच्याकडेच बघतात. आणि एक पथ्य पाळाच, सूचना का नाकारली हे सत्ताधारी आमदाराने विचारलं काय आणि विरोधी आमदाराने विचारलं काय, उत्तर एकच, शब्दही तेच, तिथे एकदा घसरलात की मग पाच वर्षं कोणी विश्वास ठेवत नाही. लक्षवेधीचंही, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेचंही, तसंच, रोज किती घ्यायच्या हा अध्यक्षांचा अधिकार, पण कुठली आधी आली याची वेळेसकट नोंद तुमच्याकडे पाहिजे.

पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर लागणाऱ्या खर्चाच्या मागण्या, बहुतेक पहिल्याच दिवशी मांडल्या जातात, तेव्हा वित्त विभागाकडून पुस्तिका वेळेत आल्या का आणि सदस्यांना पुरतील इतक्या आहेत का ते बघा. विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा तिजोरीतून काढायला परवानगी देणारं विधेयक, हे धन विधेयक (फक्त पैशाच्या बाबींचं) असतं, ते परिषदेकडे जाताना त्यावर अध्यक्षांचं प्रमाणपत्र लागतं, सही आधीच घेऊन ठेवा, ऐनवेळी अध्यक्ष दालनात सापडतील असं नाही. अधिवेशन छोटं असतं आणि परिषदेकडून ते परत यायला घटनेत १४ दिवसांची मुदत आहे, म्हणजे वेळापत्रकात हे विधेयक शेवटच्या दिवशी ढकललंत तर तुमचीच धावपळ.

मग टेबलावरची तयारी. तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष नसताना कामकाज चालवणारे सदस्य, आसनावर येतात तेव्हा अर्ध्यांना सवय नसते, त्यांच्यासाठी 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे'पासून पुढची सगळी वाक्यं मोठ्या टाइपात एका कागदावर, विधेयकाचं नाव आणि क्रमांक भरलेला, असा गठ्ठा रोज सकाळी नवीन. गणपूर्ती, म्हणजे बैठक चालायला लागणारी किमान हजेरी, विधानसभेला २९, परिषदेला १०, दुपारी जेवणानंतर कोणीतरी हमखास विचारतं. मतविभागणी, म्हणजे आवाजी मतदानावर न भागता मतं मोजणं, होणारच नाही असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये अध्यक्षांच्या निवडीला शिरगणती झाली, सदस्य एकेक करून उभे राहिले आणि १६४ विरुद्ध १०७ असा निकाल लागला, असं काही आलं तर रांगा कुठून मोजायच्या, कोण मोजणार, नोंद कोण लिहिणार हे आदल्या दिवशी कर्मचाऱ्यांना उभं करून करून बघा. निलंबनाच्या ठरावाबद्दल पण एक टिपण खिशात असू द्या. जुलै २०२१ मध्ये १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले होते, जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ठराव रद्द केला, चालू अधिवेशनाच्या पलीकडे निलंबन नेता येणार नाही म्हणून. ठराव सरकारचा असतो, पण अध्यक्ष मान वळवून सल्ला मागतात तो तुम्हाला.

नागपूरची वेगळी यादी. मुंबईहून फायलींच्या पेट्या निघतात, प्रत्येक पेटीवर शाखेचं नाव, नंबर आणि आत काय आहे त्याचा कागद, एक प्रत पेटीत आणि एक तुमच्याकडे, नाहीतर पहिल्या दिवशी जुने निर्णय शोधत बसाल. कर्मचाऱ्यांची सोय '१६० गाळे' नावाच्या सरकारी निवासस्थानांमध्ये, तिथे गरम पाणी आणि ब्लँकेट बघायला आधी माणूस पाठवा, डिसेंबरची नागपूरची थंडी मुंबईकरांना झेपत नाही आणि प्रतिवेदक आजारी पडला तर कार्यवाहीचा मजकूर कोण उतरवणार. आमदार निवासातल्या खोल्यांवरून रुसवेफुगवे होतात, ते बांधकाम खात्यावर सोडा. पासचं मात्र सोडू नका. प्रेक्षक गॅलरीचे पास आमदाराच्या शिफारशीवर, दिवसाचा आकडा ठरलेला आणि कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी त्याच्या पुढे नाही, पोलिसांबरोबरच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर बोलून टाका. मोर्चे तर रोजच असतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या बसचा दुसरा रस्ता ठरलेला हवा.

आणि परतीच्या पेट्या भरायच्या आधी दोन कामं. मंजूर विधेयकांच्या प्रती तपासून राज्यपालांकडे जायच्या मार्गाला लावा, दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या असतील तर शब्दन्‌शब्द आत आलेत का बघा. मग कार्यवाहीतून मंत्र्यांनी 'करू', 'चौकशी लावू', 'महिन्याभरात अहवाल मागवू' असं जे जे म्हटलंय ते काढून आश्वासन समितीच्या शाखेकडे द्या, तारीख आणि पान क्रमांक टाकून.