दमट उन्हाळ्यातला गुलाब: दुपारचा तांब्या खाली ठेवा

आमच्या घरात दुपारी दोनला झाडांची दया येणारी एक व्यक्ती आहे. गुलाबाची पानं जरा वाकलेली दिसली की हे तांब्या घेऊन गच्चीत हजर. "अगं, बघ तरी, कसं मान टाकून बसलंय." पहिल्या उन्हाळ्यात मीही त्यांना सामील होते. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा झारी, तीही वरून, पानं न्हाऊ घालत. ११ कुंड्यांपैकी ५ गेल्या. शेवटची उपटली तेव्हा मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची निघाली. उन्हाचं नाव झालं, झाडं मारली आम्हीच.

कोरड्या उन्हाळ्यात पानांतून पाणी भराभर उडतं. त्याने पान थोडं थंड राहतं आणि कुंडीही लवकर सुकते. हवा दमट आणि पडलेली असली की हे उडणं मंदावतं. पान तापून मलूल होतं, माती मात्र ओलीच. वर ताप, खाली चिखल, आणि आपण वरचं बघून खाली ओततो.

म्हणून पाण्याचा निर्णय पानं बघून घ्यायचा नाही. मातीत बोट घाला. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी हलवता येण्यासारखी असेल तर एका बाजूने किंचित उचलून बघा, ओल्या आणि सुकलेल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो. दुपारी मलूल झालेलं झाड सूर्य मावळेपर्यंत सावरलं तर ती नुसती उष्णता होती, विसरून जा. सकाळी सहालाही मान खालीच असेल तर मात्र लक्ष द्या: माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे, ओली असेल तर मुळांचं दुखणं आहे, पाणी बंद करा आणि कुंडी सावलीत न्या.

पाणी सकाळी घालावं, आणि घालायचं तेव्हा पोटभर. तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत, मग खालच्या बशीतलं लगेच ओतून द्यायचं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, ती स्थिती आपल्याला हवी. वाटीवाटीने दर दोन तासांनी घातलेल्या पाण्याने ती कधीच येत नाही. भर दुपारी कुंडी खरोखरच कोरडीठाक सापडली तर नियमाच्या नावाखाली झाडाला छळू नका, बुंध्याशी पाणी घाला. फक्त पानांवर नको.

आता जागा. गुलाबाला रोज सहा तास ऊन हवं, ते सकाळचं असेल तर उत्तम. पारा ३५ अंशांच्या वर जायला लागला की दुपारी बारानंतर सावली द्या. ३५ ते ५० टक्क्यांची हिरवी जाळी पुरते. त्याहून दाट लावली तर झाड उंच, किरकोळ आणि आळशी होतं. पण मला सावलीपेक्षा वाऱ्याचं महत्त्व उशिरा कळलं. माझ्या तीन कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून होत्या, "जरा आडोसा असू दे" म्हणून. उरलेल्या कठड्याजवळ, जास्त उन्हात. पानं झडली ती आडोशाच्या. भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच ऊब बाहेर टाकते, शिवाय तिथे हवा हलत नाही. तेव्हापासून कुंडी आणि भिंत यांत हातभर अंतर, दोन कुंड्यांत दीड फूट, आणि प्रत्येक कुंडीखाली विटांचे तीन तुकडे, म्हणजे खालूनही वारा जातो आणि भोकं तुंबत नाहीत.

कुंडी किमान १२ इंच रुंद आणि तितकीच खोल असावी. काळं प्लास्टिक असेल तर त्याची उन्हाकडची बाजू दुपारी हात ठेववत नाही इतकी तापते, आणि मुळं नेमकी कडेलाच असतात. ती कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा किंवा जुनं पांढरं कापड गुंडाळा. मातीवर वाळलेल्या पानांचं नाहीतर नारळाच्या काथ्याचं दोन इंचांचं आच्छादन घाला, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. खोडाला चिकटलेलं ओलं आच्छादन म्हणजे कुजण्याला आमंत्रण.

दमट उन्हाळ्यातला खरा शत्रू काळे ठिपके. पानावर काळे, कडा विस्कटलेले गोल डाग येतात, भोवतीचं पान पिवळं पडतं आणि गळतं. ही बुरशी आहे. तिच्या बीजाणूंना पानात शिरायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं. हा सात तासांचा हिशोब एकदा डोक्यात बसला की अर्धी चिंता मिटते. संध्याकाळी सातला पानं भिजवली तर ती पहाटेपर्यंत ओली राहणार, म्हणजे आपणच बुरशीची सोय केली. सकाळी साडेसहाला भिजवली तर नऊपर्यंत सुकतात. डाग पडलेली पानं लगेच तोडा, गळलेली वेचा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका, बुरशी त्यांच्यावर टिकून राहते. जमिनीलगतची पानं मी आधीच काढून टाकते, सुमारे सहा इंचांपर्यंत, कारण पाणी घालताना मातीचे शिंतोडे आधी त्यांच्यावर उडतात.

सकाळी पानं भिजवण्याचं कारणही आहे: लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानं वरून फिकट, बारीक ठिपक्यांची, धुरकट दिसतात. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानाला टिचकी मारा. पडलेले कण चालायला लागले तर तो कोळी. जिथे दव-पाऊस पोचत नाही अशा छज्जाखालच्या कुंड्यांवर तो दमट हवेतही येतो, आणि उकाड्यात त्याची पिढी आठवडाभरात तयार होते. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी, चार वेळा. आमच्याकडे हे काम आता तांब्यावाल्यांकडे दिलंय. पाणी घालायची हौसही भागते.

किडीसाठी निंबोळी तेल वापरायचं तर १ लिटर पाण्यात ५ मिली, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून द्रव साबणाचे काही थेंब. आदल्या दिवशी झाडाला पाणी घातलेलं असावं. फवारणी अगदी सकाळी. पारा ३२ च्या वर असेल तर नकोच, पानं भाजतात. बुरशीसाठी गंधक फवारत असाल तर त्याचंही तेच. आणि तेल व गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. मी एकदा हे अंतर पाळलं नाही, दोन झाडं आठवडाभरात खराट्यासारखी झाली.

कळ्या कडेने तपकिरी होऊन अर्धवटच उघडत असतील तर फुलकिडे. कळी फोडून बघा, बारीक काडीसारखे जीव पळताना दिसतील. अशा कळ्या पिशवीत बांधून फेका, कुंडीजवळ निळा चिकट सापळा लावा. फिकट रंगाच्या फुलांना त्रास जास्त.

खताबद्दल माझं मत थोडं कडक आहे: कडक उन्हाळ्यात गुलाबाला खाऊ घालू नका. नत्र दिलं की कोवळी पालवी फुटते, तिला ऊनही सोसत नाही आणि मावा ही कीडही तिच्यावरच बसते. द्यायचंच तर द्रवखत, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने, महिन्यातून एकदा, तेही माती ओली असताना. सुक्या कुंडीत खताचे क्षार मुळांतलंच पाणी ओढतात आणि पानांच्या कडा करपतात. कडा आधीच करपल्या असतील तर एकदा सकाळी कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर झाड भुकेलं नाही. जड (क्षारयुक्त) पाण्याने मातीचा सामू (pH) वाढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह द्या, युरिया नको.

छाटणीही नाही. पानं खोडावर सावली धरतात. ती काढली की खोडं उन्हाने भाजतात. सुकलेलं फूल मानेपाशी खुडायचं, लांब दांडा कापायचा नाही. या दिवसांत फुलं छोटी, फिकी आणि दोन दिवसांत उघडून विस्कटणारी येतात, तो झाडाचा दोष नव्हे. अशक्त झाडाच्या कळ्या मी वाटाण्याएवढ्या असतानाच खुडते. यावरून घरात भांडण होतं, दर वर्षी. कलमाच्या गाठीखालून जोमाने येणारा फुटवा मात्र मुळापासून ओढून काढायचा, तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा असतो.

नवं झाड घ्यायचं असेल तर उकाडा ओसरल्यावर घ्या. मोठ्या, दाट पाकळ्यांच्या हायब्रिड टी जातींपेक्षा चायना आणि टी गटातले जुने गुलाब अशी हवा चांगली सोसतात. 'ओल्ड ब्लश' आणि 'म्युटाबिलिस' ही दोन नावं लक्षात ठेवा. २००० साली आलेला 'नॉक आउट' काळ्या ठिपक्यांना बराच दाद देत नाही. वास मात्र जवळजवळ नाही, म्हणून माझ्याकडे एकच आहे.

रात्री गार व्हायला लागल्या की दहाएक दिवस नुसतं बघा. फांदीवरच्या डोळ्यांतून (जिथून नवी फूट येते त्या जागांतून) लालसर कोंब सुटायला लागले की कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि झाड वरून एक तृतीयांश कमी करा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. खत त्यानंतर दोन आठवड्यांनी, आणि पहिल्यांदा निम्मंच.