कमोड खुर्ची घरी आणलीत? वापरून बघताना या चुका टाळा

बडोद्यात घरोघरी जाऊन आजारी माणसांना उठबस शिकवते. कमोड खुर्ची (बसूनच शौचाला होता येईल अशी, सीटला भोक असलेली खुर्ची), उंच सीट, भिंतीचे दांडे, सामान काहीही असो, पहिली चूक तीच दिसते: ज्याच्यासाठी ते आणलंय तो सोडून घरातले सगळे बसून बघतात.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात काकांची डावी बाजू पक्षाघातानं गेली होती. मुलानं चाकांची खुर्ची आणली, दिवाणखान्यात स्वतः बसून दोन फेऱ्या मारल्या आणि "मस्त आहे" म्हणाला. पहाटे काकांना घेऊन निघाले, तर संडासाच्या दाराशी दोन इंचांचा उंबरा. पुढची चाकं अडली, काका पुढे गेले. काकूंनी मागून बंडी धरली म्हणून डोकं वाचलं. गुडघ्याची सूज आठवड्यात उतरली, पण काकांनी पाणी पिणं कमी केलं, रात्रीचं जेवण सोडलं. जायलाच नको म्हणून! पोट कडक झालं तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं.

त्यामुळे मी घाई करू देत नाही. आधी दाराची चौकट मोजते, मग खुर्ची, तीही सीटची नाही, तर चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत. हातांच्या बोटांना दोन्हीकडे जागा हवी. मग रिकामी खुर्ची पलंगापासून संडासाच्या भांड्यापर्यंत न्यायची, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा न्यायची. नंतर सांभाळणाऱ्यानं स्वतः बसायचं. रुग्णाची पाळी शेवटी, दिवसा, घाईची वेळ नसताना, रोजच्याच कपड्यांत. उंबऱ्याला लाकडी उतार करून घ्या. तो होईपर्यंत माणूस बसलेली खुर्ची त्यावरून नेऊ नका. संध्याकाळी सामान आलं आणि रात्री वापरलं, असं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण पडतो तो दुसराच.

दुसरी चूक विचारण्यातली. "बरं वाटतंय ना?" म्हटलं की म्हातारं माणूस "हो" म्हणतं. पाय पूर्ण टेकले का, मांडीला कड रुतते का, उठताना हात कुठे टेकलात, असं विचारा. आणि मुलाला, सुनेला बाहेर पाठवून विचारा. काका एकटे असताना हळूच म्हणाले, "धुवायला हात पोचत नाही, सुनेला कसं सांगू?" ज्या हातानं आयुष्यभर धुतलं तोच लुळा पडलेला. पुढून कापलेली सीट बसवली, पाण्याचा जेट उजवीकडे घेतला. बसून उजव्या हातानं धुवायची सवय आधी कोरड्यात करून घेतली, नंतर पाण्यानं.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या. खुर्चीच्या चारही पायांची, उंची कमी-जास्त करायची भोकं मोजा, एक पाय एका भोकानं खाली असला की खुर्ची डुगडुगते. बसतानाही ब्रेक, उठतानाही ब्रेक. खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजले की लगेच बदला. टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो. भिंतीला नुसत्या रबरी वाटीनं चिकटणाऱ्या, धरायच्या मुठी मी कोणाच्याच घरी राहू देत नाही. वाड्यांच्या जुन्या, चुन्याच्या भिंतीत दांडा बसवायचा असेल तर आधी मिस्त्रीला भिंत दाखवा, पोकळ लागली तर जमिनीला टेकणारा आधार घ्या.

आणि सांभाळणाऱ्या बाईला विचारा, तिसऱ्या दिवशी तिची कंबर कुठे दुखते ते. खूपदा खुर्ची बुटकी आहे हे तिच्या कंबरेवरूनच कळतं.