भाषांतर अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजीचा पेपर कसा काढावा

दर वर्षी मे महिन्यात कुणाचा तरी फोन येतो. त्यांच्याकडे इंग्रजी-मराठी भाषांतराचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, ३० जागा आहेत, ९० अर्ज आलेत आणि इंग्रजीचा पेपर काढायचं काम या बिचाऱ्याच्या गळ्यात पडलंय. "मॅडम, तुमचे मागचे पेपर मिळतील का?" मी पाठवत नाही. त्यातले निम्मे प्रश्न मीच नंतर फेकून दिलेत, ते दुसऱ्याच्या माथी कशाला मारू?

मग तो बहुतेक दहावी-बारावीच्या वळणावर जातो. 'रिमूव्ह टू', 'नो सूनर दॅन', कर्तरीचं कर्मणी करा, खालील शब्दसमूहासाठी एक शब्द द्या. असा पेपर काढायला दोन तास लागतात आणि त्यातून फार तर शाळेत कुणी गाइडं पाठ केली होती तेवढं कळतं. 'टू' काढून वाक्य फिरवता येणारी मुलगी करारातलं कलम वाचून त्यात नक्की काय म्हटलंय हे सांगू शकेलच असं नाही. उलट, उत्तम वाचणारी एखादी ते 'टू' कसं काढायचं हे केव्हाच विसरलेली असते.

दिशा आधी ठरवा

अभ्यासक्रम इंग्रजीतून मराठीत असेल, तर उमेदवाराला इंग्रजी वाचता यायला हवं. ते लिहिता येणं ही वेगळी गोष्ट. 'अ', 'अ‍ॅन', 'द' कुठे येतं याचे दहा प्रश्न मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्यांना विचारा. इथे 'अ फ्यू' आणि नुसतं 'फ्यू' यांत अर्थाचा काय फरक पडतो एवढं कळलं की पुरे. दोन्ही दिशा असतील तर दोन पेपर काढा. एकाच पेपरात दोन्ही कोंबू नका.

शब्द निवडताना

अवघड शब्दांच्या मागे लागू नका. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायला साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ). त्यापलीकडचा शब्द आला की शहाणा भाषांतरकार कोश उघडतो. घात करतात ते ओळखीचे शब्द, कारण त्यांच्यासाठी कोश उघडावा असं कुणाला वाटतच नाही. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी हे आपल्याला कर्जाच्या अर्जामुळे माहीत असतं, मग एका देशाने दुसऱ्यावर लादलेले 'सँक्शन्स'ही मंजूर होऊन बसतात. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक. 'हॉटेल' हा तर आपला घरचाच शब्द. आपण तिथे मिसळ खायला जातो, इंग्रज तिथे मुक्कामाला जातो.

दुसरा गट छुप्या नकाराचा. 'द कमिटी हॅज येट टु डिसाइड' या वाक्यात 'नॉट' कुठेही नाही, तरी समितीने निर्णय घेतलेला नाही. 'एनिथिंग बट सॅटिस्फॅक्टरी' म्हणजे समाधानकारक सोडून काहीही. अशा वाक्यांवर किमान पाच प्रश्न ठेवाच. माझ्या अनुभवात उमेदवारांची चाळणी जितकी यांतून होते तितकी कुठल्याच शब्दयादीतून होत नाही.

समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारू नका. शब्द विचारायचा तर वाक्यात विचारा.

गाळलेल्या शब्दांचा उतारा

सोपा भाग आहे. अडीचशे शब्दांचा उतारा घ्या, पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवा, मधले वीस शब्द गाळा. ही पद्धत अमेरिकी संशोधक विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडली ती मुळात मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी, आणि तिच्यात ठरावीक अंतराने शब्द गाळतात. ते यांत्रिक गाळणं करू नका. सातवा शब्द नेमका एखाद्या गावाचं नाव निघतो आणि ते कुणालाच येत नाही. 'ऑलदो', 'अनलेस', 'देअरफोर' असे वाक्यं जोडणारे शब्द आणि शब्दयोगी अव्ययं स्वतः निवडून गाळा. एका जागी कुठकुठले शब्द चालतील हे पेपर तपासायला घेण्याआधी ठरवून कागदावर लिहा.

व्याकरण: इथे मी तीन वर्षं चुकले

व्याकरणाचं ज्ञान तपासायचं म्हणजे काळाचं नाव विचारायचं नाही. इंग्रजी वाक्य द्यायचं, खाली चार मराठी वाक्यं द्यायची आणि विचारायचं: मूळ वाक्याचा अर्थ यांपैकी कोणता? कल्पना साधी आहे आणि मला ती फार आवडली होती. पहिल्या वर्षी मी असे २५ प्रश्न काढले. त्यातला एक माझ्या अजून लक्षात आहे. वाक्य होतं, 'आय अ‍ॅम यूज्ड टु वर्किंग अ‍ॅट नाइट.' पर्याय असे:

अ) मी रात्री काम करण्यासाठी वापरली जाते.
आ) रात्री काम करायची मला सवय आहे.
इ) मी रात्री कामाचा वापर करते.
ई) मी रात्री काम करण्यात वापरलेली आहे.

निकाल झकास लागला. जवळपास सगळ्यांना वीसच्या वर गुण. विभागात सगळे खूश होते, तुकडी हुशार आहे म्हणून. दिवाळीपर्यंत कळलं की त्यातल्या निम्म्यांना साधं अग्रलेखाचं वाक्य उलगडत नाही. दुसऱ्या वर्षी मी इंग्रजी वाक्यं अवघड केली. फरक शून्य. तिसऱ्या वर्षी आणखी अवघड केली, तरी तेच.

उलगडा झाला तो माझ्या मावशीमुळे. ती मराठीची निवृत्त शिक्षिका. इंग्रजीशी तिचं फारसं जमत नाही. मी जेवणाच्या टेबलावर त्या वर्षीचा पेपर घेऊन बसले होते, तिने कुतूहलाने ओढून घेतला आणि इंग्रजी वाक्यांकडे न बघता पेन्सिलीने खुणा करत सुटली. २५ पैकी १७ बरोबर. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तर सहा-सात आले असते. मी विचारलं, कसं काय? म्हणाली, "अगं, दर प्रश्नात एकच वाक्य धड मराठी आहे. बाकीची कुणी बोलतं का?"

तीन वर्षं मी इंग्रजीचा पेपर म्हणून मराठी कानाची परीक्षा घेत होते. इंग्रजी वाक्य कितीही अवघड केलं तरी उमेदवाराला ते वाचायची गरजच नव्हती.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते आणि तो मोडलेला दिसला की दुसऱ्याचाही प्रश्न बाद करते: चुकीचा प्रत्येक पर्याय हा दुसऱ्या कुठल्यातरी बरोबर इंग्रजी वाक्याचं चांगलं मराठी भाषांतर असला पाहिजे. म्हणून मराठी पर्याय लिहायला बसण्यापूर्वी मूळ वाक्याची इंग्रजी भावंडं कागदावर मांडायची. वरच्या वाक्याची भावंडं: 'आय यूज्ड टु वर्क अ‍ॅट नाइट', 'आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टु वर्किंग अ‍ॅट नाइट', 'आय अ‍ॅम मेड टु वर्क अ‍ॅट नाइट'. आता प्रत्येकाचं मन लावून भाषांतर करा:

अ) मी पूर्वी रात्री काम करायचे.
आ) रात्री काम करायची मला सवय आहे.
इ) रात्री काम करायची मला आता सवय होऊ लागली आहे.
ई) मला रात्री काम करायला लावतात.

चारही वाक्यं कुणीही घरात बोलेल अशी आहेत. आता इंग्रजी वाचल्याशिवाय सुटका नाही.

भावंडं शोधायला वेळ लागतो. एका प्रश्नाला मला अजूनही अर्धा तास लागतो, आणि दिवसाला सहा-सातपेक्षा जास्त बरे प्रश्न निघत नाहीत. एका रात्रीत पंचवीस प्रश्न काढून देतो म्हणणाऱ्याकडे पेपर देऊ नका.

भावंडं सुचत नसतील तर ती उमेदवारांकडून घ्या. चालू वर्षाच्या विद्यार्थ्यांना पर्यायांशिवाय नुसती वाक्यं द्या आणि मराठीत लिहायला सांगा. चुका आपोआप हातात येतात, आणि त्या तुमच्या डोक्यातून येणाऱ्या चुकांपेक्षा कितीतरी खऱ्या असतात. 'आय डाउट दॅट ही टुक द मनी' हे वाक्य मी असंच एका वर्गाला दिलं होतं. बऱ्याच जणांनी लिहिलं, 'पैसे त्याने घेतले अशी मला शंका आहे.' मराठी अगदी निर्दोष, अर्थ नेमका उलटा. मूळ वाक्यात बोलणाऱ्याला वाटतं की त्याने पैसे घेतले नसावेत. भाषांतरात तो चोर ठरला. आपण वर्गात 'सर, एक डाउट आहे' म्हणत वाढलो, त्याचा हा प्रसाद. असा पर्याय मला टेबलाशी बसून दहा वर्षांत सुचला नसता.

आणखी एक खड्डा. बरोबर उत्तर एकच आहे ना, हे स्वतःला विचारून उपयोग नाही, कारण तुम्हाला तुमचं उत्तर आधीच दिसत असतं. मी एकदा लिहिलं, 'ही हॅज लिव्ह्ड इन सातारा फॉर टेन इयर्स', आणि उत्तर धरलं 'तो दहा वर्षांपासून साताऱ्यात राहतो'. परीक्षा झाल्यावर एक उमेदवार शांतपणे माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, आयुष्यात केव्हातरी दहा वर्षं राहून झालंय, असाही याचा अर्थ होतो की. होतो. सगळ्यांना तो गुण द्यावा लागला. 'फॉर टेन इयर्स'च्या जागी 'सिन्स हिज रिटायरमेंट' लिहिलं असतं तर दुसऱ्या अर्थाला जागा राहिली नसती. अर्थात कधी कधी ती जागा मुद्दाम ठेवावी. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज इल' या वाक्याचे दोन अर्थ निघतात: आजारी होता म्हणून राजीनामा दिला नाही, किंवा राजीनामा दिला पण कारण आजारपण नव्हतं. तिथे 'एवढ्यावरून सांगता येत नाही' हा पर्याय बरोबर धरा. मात्र तोच पर्याय आणखी चार-पाच प्रश्नांत चुकीचा म्हणूनही ठेवा, नाहीतर तो दिसला की उमेदवार डोळे झाकून खूण करतील.

पेपर छापायला जाण्याआधी मावशीची चाचणी घ्याच. मराठी उत्तम आणि इंग्रजी बेताचं अशी कुणीतरी व्यक्ती शोधा, इंग्रजी वाक्यांवर पट्टी ठेवा आणि खुणा करायला सांगा. २५ पैकी नऊपेक्षा जास्त बरोबर आले तर पेपर परत घेऊन बसा.

वेळ आणि गुण

४० प्रश्न आणि एक उतारा यांना ९० मिनिटं पुरतात. मोबाइल बाहेर, कोश बंद.

निगेटिव्ह मार्किंगवर दर वर्षी वाद होतो. हिशेब सोपा आहे: चार पर्याय असले की निव्वळ अंदाजपंचे ४० पैकी १० गुण पडतात, आणि चुकीला एक तृतीयांश गुण कापला की ते दहा सरासरीने शून्यावर येतात. मी कापते. माहीत नसताना ठोकून देण्याची सवय इतर कुठे चालत असेल, या धंद्यात ती औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेत उतरते.

पेपर तपासल्यावर

उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून टाकू नका, अजून तासाभराचं काम आहे. सर्वाधिक गुणांचे २७ टक्के आणि सर्वांत कमी गुणांचे २७ टक्के उमेदवार वेगळे काढा. ९० उमेदवारांत ते २४ आणि २४ होतात. प्रत्येक प्रश्न वरच्या गटात किती जणांना आला आणि खालच्या गटात किती जणांना, हे मोजा, वजाबाकी करा, २४ ने भागा. वर २० आणि खाली ८ असतील तर उत्तर ०.५ येतं, प्रश्न चांगला, पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवा. ०.२ च्या खाली गेला तर काढून टाका.

उत्तर उणे आलं, म्हणजे खालच्या गटाला जमलं आणि वरच्याला नाही, तर आधी स्वतःची उत्तरतालिका तपासा. गेल्या वर्षी माझे असे दोन प्रश्न निघाले. एकात मी अ च्या जागी आ टंकलं होतं. दुसऱ्यात तालिका बरोबर होती, पण वरच्या गटातल्या १३ जणांनी एकच चुकीचा पर्याय धरला होता. त्यांच्या नजरेने वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की एका स्वल्पविरामाने अर्थ फिरत होता, आणि तो स्वल्पविराम छापखान्यात गळाला होता. दोन्हींची यादी निकाल लावण्यापूर्वी विभागाला दिली, गुण बदलले, प्रवेश यादीतली चार नावं वरखाली झाली.