साहेबांना पत्र लिहायचंय? छोट्या मासिकाच्या संपादकासाठी

ठाण्यात, वाशी-नेरुळला, सोसायटीचं नाहीतर वाचनालयाचं नाहीतर चार मित्रांनी मिळून काढलेलं मासिक चालवणारे बरेच जण आहेत, आणि दिवाळी अंक आला की सगळ्यांची धावपळ एकच, आमदार-खासदारांचा शुभेच्छा संदेश आणायची. तो मिळतोही लगेच, लेटरहेडवर, फोटोसकट, आणि अख्ख्या अंकात तेवढं एकच पान कोणी वाचत नाही. त्यापेक्षा साहेबांना सरळ एक प्रश्न लिहून पाठवा आणि त्यांचं उत्तर छापा. वाटतं तेवढं अवघड नाहीये हे.

आधी पत्र कोणाला लिहायचं ते नीट बघा, कारण इथेच निम्मे लोक चुकतात. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे पण लोकसभेला कल्याणमध्ये जातं, म्हणजे कळव्याच्या वाचकाचा रेल्वेचा प्रश्न ठाण्याच्या खासदारांना पाठवलात तर तिकडून उत्तर यायचं कारणच नाही. ऐरोली आणि बेलापूर मात्र ठाणे लोकसभेत. नवी मुंबईत अजून एक भानगड, अर्ध्या गोष्टी महापालिकेच्या आणि अर्ध्या सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाबद्दल (जमीन संपादित झाली त्या गावकऱ्यांना मोबदल्यात मिळतो तो) नगरसेवकाला विचारून तो बिचारा काय करणार, सिडको राज्य सरकारची, त्यामुळे तो प्रश्न आमदारांना. गटार, फूटपाथ, कचरा हे नगरसेवकाला.

आता खरी गोष्ट. तुमचं पत्र साहेब वाचत नाहीत, पीए वाचतो. दिवसाला त्याच्याकडे ढिगाने कागद येतात, बदलीची पत्रं, ॲडमिशनची पत्रं, लग्नपत्रिका, आणि त्यात तुमचं तीन पानी पत्र ज्यात पहिलं पान मासिकाच्या इतिहासाचं. ते बाजूलाच पडणार. म्हणून एकच पान लिहा आणि त्यात एकच प्रश्न विचारा. दहा प्रश्न पाठवले की साहेब त्यातला सगळ्यात सोपा उचलतात आणि बाकीच्या नऊंना 'विकासकामे प्रगतिपथावर आहेत' एवढ्यात गुंडाळतात. एकच असला की पळवाट राहत नाही.

प्रश्नही असा हवा की ज्याला 'होय, आम्ही कटिबद्ध आहोत' हे उत्तर चालणार नाही. 'घोडबंदर रोडच्या वाहतूक कोंडीबद्दल आपले मत काय?' हा फुकट गेलेला प्रश्न. साधारण असं लिहा:

'मा. आमदार महोदय, स.न.
आमच्या त्रैमासिकाच्या दिवाळी अंकात आपलं उत्तर छापायची इच्छा आहे. प्रश्न असा: गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की घोडबंदर रोडवरच्या लोकांचे हाल होतात, तर काम सुरू व्हायच्या आधी रहिवाशांना कळवायची जबाबदारी कोणत्या खात्याची, आणि त्यासाठी आपण कोणाला पत्र दिलं आहे का? उत्तर साधारण ३०० शब्दांत, अमुक तारखेपर्यंत मिळावं. मजकूर न बदलता छापू, जागेसाठी काही कमी करावं लागलं तर आधी आपल्या कार्यालयाला दाखवू.
आपला, संपादक'

बस. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' वगैरे लावू नका, त्याने काम होत नाही आणि उद्या ते पत्र कोणी बाहेर काढलं तर तोंड लपवायची वेळ येते. 'मा.' पुरतं. ताई असतील तर पत्रात महोदया, ऑफिसात गेल्यावर ताई म्हणा, काही बिघडत नाही.

पत्र संपर्क कार्यालयात स्वतः नेऊन द्या, दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. ही पोच जपा, पुढे 'आम्हाला पत्रच आलं नाही' झालं की तीच कामाला येते. पोस्टाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्ट करा, आता तसंही रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन केलंय. व्हॉट्सॲप फक्त आठवण करून द्यायला. आणि वेळ बघा जरा. पावसाळी अधिवेशन चालू असताना कार्यालयात कोणी जागेवर नसतं, नंतर दहीहंडी, आणि ठाण्यात दहीहंडी म्हणजे काय ते सांगायला नको, मग गणपती, आरत्या. दिवाळीला उत्तर हवं असेल तर पत्र जूनमध्येच गेलेलं बरं.

आता जाहिरात. सगळ्यांना हवी असते, मासिक काही हवेवर चालत नाही. पण प्रश्नाचं पत्र आणि जाहिरातीचं पत्र एकाच दिवशी एकाच पाकिटात नेऊ नका. नेलंत की पीएच्या डोक्यात हिशोब पक्का, बॅक कव्हर घेतलं म्हणजे उत्तर गुळगुळीत दिलं तरी चालेल, आणि छापताना तुमचाही हात आखडतो. जमलं तर जाहिरातीला दुसरा माणूस पाठवा. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात तर साहेबांचा फोटो आणि चिन्ह असलेलं पान जाहिरात म्हणूनच छापा, वर तसं लिहा, बिल फाडा.

उत्तर आलं की शुद्धलेखन सुधारा, वाक्यं सुधारू नका. हेडिंग मात्र तुमचं, तो संपादकाचा हक्क आहे आणि त्यासाठी परवानगी मागत बसायची गरज नाही. काही साहेब उत्तराच्या शेवटी 'हे छापू नये' म्हणून दोन ओळी लिहितात. त्या छापायच्या नाहीत, कितीही चटकदार असल्या तरी. पत्राचा कागद तुमचा झाला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो, आणि तो कायद्याने लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं. छापायला म्हणून पाठवलेलं छापा, खासगी पत्र असेल तर लेखी होकार घ्या.

आणि अंक निघाल्यावर साहेब चिडले तर? फोनवर वाद घालू नका. 'साहेब, लेखी खुलासा पाठवा, पुढच्या अंकात छापतो' एवढंच बोला. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे ज्याच्यावर टीका झाली त्याचा खुलासा लवकर आणि ठळक छापायला हवा, सतराव्या पानावर कोपऱ्यात नाही. खाली संपादकांची टीप टाकायची असेल तर हातात कागद पाहिजे, माहितीच्या अधिकारातलं उत्तर, महापालिकेचा ठराव, असं काहीतरी. नुसतं 'वाचक सुज्ञ आहेत' टाईप टोमणा मारायचा मोह होतो खूप, मारू नका. आणि मुळात कोणावर पैशाचा आरोप करणारा मजकूर असेल तर तो अंक छपाईला जायच्या आधीच वकिलाला दाखवा, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

उत्तर आलंच नाही तर प्रश्न छापा, खाली लिहा: 'अमुक तारखेला पत्र दिलं, अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर मिळालेलं नाही.' बाकी शेरा नको. मग अंकाच्या दोन प्रती त्याच कार्यालयात नेऊन द्या, पानाला खूण करून, आणि त्याचीही पोच घ्या. बहुतेक वेळा पुढच्या प्रश्नाला उत्तर लवकर येतं.