छोटा डेस्कटॉप बांधताना आधी हवेची वाट आखा

छोटा कॉम्प्युटर बांधायचा म्हटलं की सगळे आधी कॅबिनेट निवडायला बसतात. मी मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती वॉट घेणार, ते आधी कागदावर मांडते. त्यातला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हे ठरलं, की बाकीचे निर्णय भराभर सुटतात.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या चौकोनी मापाचा घ्या. व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेलं हे १७० × १७० मिमीचं माप आजही तेच आहे. त्यावर बहुधा रॅमचे दोन आणि पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड लावायचा, एकच स्लॉट मिळतो, म्हणून रॅम हवी तेवढी पहिल्यांदाच घ्यावी. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) एसएफएक्स या छोट्या मापाचा, म्हणजे १२५ × १०० × ६३.५ मिमीचा. एसएफएक्स-एलची खोली १३० मिमी असते. हे जास्तीचे ३० मिमी नेमके केबल वळवायच्या जागेतून जातात, त्यामुळे मी शक्यतो तो टाळते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: दुसऱ्या एसएमपीएसची सुटी केबल बसते म्हणून लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या तारेतून १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जळतो.

कूलरची उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजतात, बोर्डापासून नाही. कॅबिनेटच्या माहितीत ४७ मिमी लिहिलं असेल तर ३७ मिमीचा कूलर आरामात बसतो, पण मग पंखा आणि झाकण यांच्यात १० मिमीची फट उरते. ही फटच खरा घोळ करते. पंखा बाहेरची गार हवा ओढण्याऐवजी आतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. त्यासाठी मी दाट फोमचं कडं कापते: आतलं भोक पंख्याच्या पात्यांच्या वर्तुळाएवढं, जाडी फटीपेक्षा एखादा मिलिमीटर जास्त, म्हणजे झाकण लागलं की ते किंचित दाबलं जाऊन सील होतं. कडं पंख्याच्या चौकटीवर दुहेरी टेपने चिकटवा आणि पातं हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. एवढ्याशा कामाने तापमान काही अंशांनी उतरतं आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

झाकण बंद पत्र्याचं असेल तर त्याला भोकं पाडावी लागतील. त्याआधी बोर्ड आणि बाकी सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. ॲल्युमिनियमचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट व्हायला एक कण पुरतो. १२० मिमीच्या पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी आणि ९२ मिमीच्या पंख्याचं ८२.५ मिमी. कागदावर नकाशा काढून तो पत्र्यावर चिकटवा, प्रत्येक खुणेवर सेंटर पंच मारा, पत्र्याखाली लाकडाची फळी धरा. आधी ३ मिमीचं बिट, मग ५ मिमीचं. भोकं ७ मिमी अंतरावर तिरप्या ओळींत पाडली तर साधारण ४६ टक्के जागा उघडी राहते. मागच्या बाजूच्या कडा कानशीने साफ करा, मग पत्रा धुऊन पूर्ण वाळवा.

जोडणी सुरू करताना बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम आणि कूलर लावा आणि बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जची स्क्रीन) उघडतंय का बघा. बोर्डाच्या पाठीवर एम.२ ड्राइव्ह (पट्टीसारखी छोटी एसएसडी) असेल तर तोही आत्ताच बसवा, नंतर तिथे हात पोचत नाही. प्रोसेसरची आठ पिनांची केबलही बोर्ड आत जाताजाताच लावून घ्यावी. ग्राफिक्स कार्ड रायझर केबलवर (बोर्डाचा स्लॉट लांब नेणारी केबल) बसणार असेल आणि ती केबल जेन ३ ची, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची असेल, तर बायोसमध्ये स्लॉट आधीच जेन ३ वर ठेवा. नाहीतर पडदा काळाच राहतो आणि माणूस उगाच बोर्डावर संशय घेतो. हे सेटिंग बदलायला कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून किंवा प्रोसेसरच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर एकदा बायोस उघडावं लागतं.

केबलींचे मोठे वेटोळे बोर्ड आणि एसएमपीएस यांच्यामध्ये दाबू नका. त्या कॅबिनेटच्या कडेने न्या, पंख्याच्या तोंडासमोरून एकही नको.

आता झाकण लावूनच चाचणी घ्या. उघड्या कॅबिनेटमधले आकडे इथे काही कामाचे नाहीत. अर्धा तास पूर्ण भार द्या. तापमान फार चढत असेल तर नवा कूलर आणण्याआधी एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ६५ वॉटचा इको मोड (कमी वीज घेण्याचं सेटिंग) लावा. त्यात सॉकेटला मिळणारी कमाल वीज ८८ वॉट राहते, १०५ वॉटच्या, एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला एरवी १४२ वॉट मिळते. रोजच्या कामात हा फरक सहसा जाणवतही नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं बायोसमधलं सेटिंग) उणे १० पासून सुरू करून हळूहळू खाली न्या, आणि प्रत्येक पायरीला चाचणी पुन्हा घ्या.

धुळीची जाळी विकत घेताना लक्षात ठेवा, चुंबकी जाळी ॲल्युमिनियमवर चिकटत नाही. झाकणाच्या कडेने आधी चिकट चुंबकी पट्टी लावा, मग जाळी धुवायला सहज काढता येते.